दोरीच्या अलीकडचा माणूस

आमच्या घरमालकांना मी एकदा खंबाटकीच्या घाटात विसरून आलो होतो. मुद्दाम नव्हे. शिरवळहून साताऱ्याला येताना टपरीवर चहा घेतला, मालक तोंड धुवायला मागं गेले, मी स्कूटर सुरू केली आणि मागच्या सीटवर वजन आहे असं मला वाटलं. ते वजन त्यांच्या पिशवीचं होतं. भुईंजच्या अलीकडं आल्यावर माझ्या लक्षात आलं की कान मोकळे आहेत. इतका वेळ कुणी 'डावी घट्ट' म्हणालं नव्हतं, 'पुढं खड्डा' म्हणालं नव्हतं. मान वळवून बघतो तर सीटवर पिशवी ऐटीत बसलेली.

परत जाऊन त्यांना घेतलं तेव्हा ते रस्त्याच्या कडेला सावधान स्थितीत उभे होते. रागावतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "टपरीपासून पहिली उजवी तू चुकीची घेतलीस. मी हितनं बघितली."

मालक फौजेत होते आणि आयुष्यभर ट्रकमधल्या डाव्या सीटवर बसले. डोंगरातल्या अरुंद रस्त्यांवर ताफ्याच्या पुढच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसायचं आणि पुढचं वळण त्याला आधी सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन साताऱ्यात आले, दोन खोल्यांवर आणखी दोन चढवल्या, वरच्या मला भाड्यानं दिल्या. पण डावी सीट काही सुटली नाही. गाडी चालवायला येत असूनही ते कधीच चालवत नसत. कुणी विचारलं तर म्हणत, "चालवणारा रस्ता बघतो. सांगणारा फुडचा रस्ता बघतो. आता तूच सांग, कुणाची नजर लांबची?"

स्कूटरवर डावी सीट नसते म्हणून ते माझ्या मागं बसत आणि तिथून कानात बोलत. "उजवी, लांब, उघडती." "डावी, घट्ट, कापू नको." "सरळ, पण म्हैस." घट्ट म्हणजे आवळत जाणारं वळण, उघडती म्हणजे पुढं सैल होत जाणारं. मी कडेगावचा. आमच्याकडं रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना ऊस. घाट म्हणजे काय हे मला साताऱ्यात कारखान्यात नोकरी लागल्यावर कळलं. त्यामुळं यवतेश्वरच्या घाटात त्यांच्या सांगण्याचा मला खरोखर उपयोग व्हायचा, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. भाडं वाढवतील अशी भीती वाटायची.

वळणांची ही भाषा ते रस्त्याबाहेरही वापरत. समोरच्यांच्या मुलानं बारावीनंतर काय करावं असा विषय निघाला की हे डोळे मिटून म्हणणार, "फुडं चढ हाय. गियर आत्ताच टाका." माझं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "मोकळा रस्ता हाय. तूच घसरशील." बायकोला हे वाक्य अजून तोंडपाठ आहे.

या माणसाला फ्रान्सचं वेड कसं लागलं? त्यांच्या एका साहेबाकडं परदेशी मोटारींची मासिकं यायची. साहेबाची वाचून झाली की ती ट्रकच्या डाव्या सीटखाली जायची. त्यात फ्रान्सच्या डोंगरातल्या शर्यतींचे फोटो असायचे. बुटक्या निळ्या गाड्या, दगडी गावं, वळणावर लोकांची भिंत. मालक म्हणायचे की गाड्या त्यांनी नंतर बघितल्या. आधी त्यांना त्या फोटोत दिसली ती बघणारी माणसं. "गाडी अंगावर येतीया आन् एक गडी पाव खातोय. ह्याला म्हणत्यात बघणं."

कारण मालक मूळचे बघणारे होते. बघणं हे एक काम आहे आणि ते नीट करायचं असतं, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मला भेटलेला नाही. सातारा-सांगलीकडं बैलगाड्यांची मैदानं होतात, कुस्त्यांचे फड लागतात, तिथं ते सकाळी लवकर हजर. जागा निवडायला वेळ घ्यायचे. पाठीला ऊन, तोंडाला वारा आणि बैल उधळले तर पळायला मागं जागा. निशाणापाशी गर्दी असायची, तिकडं ते फिरकत नसत. म्हणत, "तिथं निकाल दिसतो. शर्यत न्हाई दिसत." मोबाइलवर चित्रण करणाऱ्या पोरांना म्हणत, "आरं, डोळं देवानं काय गोट्या खेळायला दिल्यात व्हय?"

आणि त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. बघ्यानं दोरीच्या आत जायचं नाही आणि बघ्यानं शर्यतीला हात लावायचा नाही. "बैल हरू दे न्हाईतर जिंकू दे. आपला हात लागला की मग ती शर्यत ऱ्हात न्हाई, आपली लुडबूड हुती. आपल्याकडची माणसं बघायला येत्यात आन् लुडबूड करून जात्यात."

खटावकडच्या एका मैदानात माझी टोपी वाऱ्यानं उडून दोरीच्या आत पडली. चाकोरी मोकळी होती. मी आत गेलो, टोपी उचलली, बाहेर आलो. एवढंच. त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. स्कूटरवरसुद्धा नाही, म्हणजे माझ्या स्कूटरवर बसलेच नाहीत. चालत गेले. शेवटी काकींनी, म्हणजे त्यांच्या मंडळींनी, मध्यस्थी केली. "आवं, टोपी हुती. बैल न्हवता त्यानं पळवला." मालक म्हणाले, "आज टोपी."

संध्याकाळी गच्चीवर त्यांचा फ्रान्स सुरू व्हायचा. शर्यतींचे व्हिडिओ लावून मोबाइल पालथा ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि डोळे मिटून जुन्या गाड्यांचे आवाज ऐकत बसायचं. आवाजावरून ते गाडी ओळखत. कधी बरोबर ओळखत, कधी नाही. एकदा मी जिना चढत होतो तर त्यांनी बोट वर करून मला थांबवलं. "ऐक. सहा सिलिंडर. इंजिन मागच्या बाजूला. घाट चढतीया." मीही भक्तिभावानं ऐकलं. मोबाइल बंद होता. आवाज पलीकडच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीचा होता. खालून काकी ओरडल्या, "आवं, तुमच्या गाडीत आपलं गहू हायत. जावा, घिऊन या."

ते व्हिडिओ ऐकून ऐकून त्यांना फ्रेंचसुद्धा यायला लागलं होतं. पण शर्यतीत शेजारी बसलेला माणूस जेवढं बोलतो तेवढंच. डावी, उजवी, घट्ट, लांब, सरळ, सावध, उघडते. या शब्दांत माणसाचं आयुष्य भागतं असं त्यांचं म्हणणं होतं. मी हसायचो.

मग कारखान्यानं मला नव्या यंत्रांचं काम शिकायला काही महिन्यांसाठी फ्रान्सला पाठवायचं ठरवलं. निरोप घ्यायला खाली गेलो आणि आयुष्यातली एक मोठी चूक केली. आपण दारातून निघताना जे म्हणतो ते म्हणालो. "या की मालक, तिकडं कधीतरी."

कडेगावात हे वाक्य कुणी मनावर घेत नाही. मालकांनी कपाट उघडलं आणि पासपोर्ट काढला. कोराकरकरीत. एक मुदत संपून दुसऱ्यांदा काढलेला, एकही शिक्का नसलेला. म्हणाले, "कवा येऊ, ते सांग."

आले. ऐन पानगळीत आले. अंगात फौजेचा जुना कोट, डोक्याला मफलर, पिशवीत काकींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि एक गुलाबी फेटा, घडी घातलेला. "फेटा कशाला?" मी विचारलं. "मैदानाला चाललोय न्हवं? मोकळ्या हातानं जातो का माणूस?"

पहिल्या सकाळी ते एकटेच बेकरीत गेले. मी घाबरून मागं धावलो. मालक काउंटरपाशी उभे राहून फ्रेंचमध्ये म्हणत होते, "लांब, सरळ." बाईनं त्यांना लांब, सरळ पाव दिला. माझ्याकडं त्यांनी ज्या नजरेनं बघितलं ती मी विसरणार नाही. मला तोवर त्याच बेकरीत दोनदा चुकीचा पाव मिळाला होता.

आर्देशच्या डोंगरात जुन्या गाड्यांची एक शर्यत होती, तिथं आम्ही गेलो. या शर्यतीची गंमत अशी की सगळ्यात जोरात जाणारा जिंकत नाही. प्रत्येक गाडीला वेळ ठरवून दिलेली असते. त्या वेळेला त्या ठिकाणी पोचायचं. उशीर झाला की दंड. लवकर पोचलं तर त्याहून मोठा दंड. वाटेत ठिकठिकाणी टेबल मांडून अधिकारी बसतात आणि टेबलाच्या थोडं आधी एक पिवळी पाटी असते. पाटीच्या आत चाक गेलं की तुमची वेळ लागली, म्हणजे नोंदली गेली. हे सगळं मालकांनी मला आदल्या संध्याकाळी समजावून सांगितलं होतं, चटणी-पाव खाता खाता. मी मान डोलवत होतो आणि माझं लक्ष चटणीत होतं, हे पुढं सगळ्या फ्रान्सला कळलं.

मालकांनी जागा निवडली ती टेबलापासून जरा वर, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, चेस्टनटच्या झाडाखाली. पाठीला ऊन, तोंडाला वारा. रस्त्याकडेनं दोरीऐवजी प्लॅस्टिकची फीत बांधलेली होती. ती त्यांनी बोटानं ताणून बघितली. "बरी हाय." आजूबाजूला घड्या घालायच्या खुर्च्या टाकून कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती. कुणी सॉसेज भाजत होतं, कुणी गुरांच्या गळ्यातली मोठी घंटा आणली होती, गाडी आली की ती वाजवायची. मालकांनी घंटेवाल्याकडं बघून मान हलवली. त्यानं मालकांकडं बघून मान हलवली. दोघांची ओळख झाली.

आणि गाड्या आल्या. मी यंत्रांत काम करणारा माणूस आहे, मला वाटलं होतं मला काय नवल. पण निळी, बुटकी गाडी आधी ऐकू येते. डोंगराच्या पोटात कुणी तरी कापड फाडतंय असा आवाज, मग काही नाही, मग एकदम समोर, वळणात आडवी, खडी उडवत, आणि आत दोन डोकी. वळण येईल तसं मालकांचं डोकं किंचित डावीकडं, किंचित उजवीकडं जायचं. एकदाच म्हणाले, "वस्ताद हायत रं ही. तालमीतला जुना वस्ताद मैदानात उतरला की पोरं बाजूला हुत्यात, तशी."

दुपारी एक पांढरी गाडी हळू आली. जुनी, गोल दिव्यांची, नाकाला चिखल. चालवत होती एक बाई, करड्या केसांची वेणी घातलेली, आणि शेजारी तिचा नवरा, मांडीवर कागद, हातात घड्याळ. मालकांनी त्या माणसाकडं बघितलं आणि जरा ताठ उभे राहिले. घंटेवाल्यानं माझ्या कामचलाऊ फ्रेंचला झेपेल असं सांगितलं की हे दोघं नवरा-बायको बरीच वर्षं येतात, दर वेळी कुठं तरी चुकतात, आणि या वेळी पहिल्यांदाच शेवटच्या दिवसापर्यंत एकही दंड नाही. सगळा डोंगर त्यांच्याकडं डोळे लावून बसलाय.

"म्हंजी तो शेजारचा बरोबर सांगतोय," मालक म्हणाले. "आज त्याचा दिवस हाय."

गाडी वळण घेऊन खाली गेली आणि पिवळ्या पाटीच्या अलीकडं थांबली. इंजिन बंद. बाईनं बॉनेट उघडलं, वाफ निघाली. चाकापुढं एक दगड लावला, परत सीटवर येऊन बसली आणि पाणी प्यायली. नवरा खाली उतरला, घड्याळ बघत येरझाऱ्या घालायला लागला.

मालक नेमके तेव्हा झाडामागं गेले होते. खंबाटकीतही ते नेमके तेव्हाच गेले होते, हे मी माझ्या बचावासाठी सांगून ठेवतो.

मला काय दिसलं? उतारावर बंद पडलेली गाडी. वाफ. काळजीत पडलेला म्हातारा माणूस. आता आमच्याकडं, साखर कारखान्याला ऊस जायच्या दिवसांत, ट्रॉली किंवा बैलगाडी रस्त्यात अडली तर कुणी विचारत नाही. मोटारसायकलवाला उतरतो, मास्तर उतरतो, वरातीतला नवरासुद्धा उतरतो. खांदा लावायचा, गाडी हलली की हात झटकायचे आणि आपल्या वाटेला लागायचं. हे डोक्यात ठरत नाही. खांदाच ठरवतो. माझा खांदा मला घेऊन फितीखालून गेला.

मी शहाण्यासारखा आधी चाकाखालचा दगड काढला. मग मागं जाऊन खांदा लावला. गाडी छान हलली. बाईनं हॉर्न वाजवला. आपल्याकडं ढकलताना ड्रायव्हर हॉर्न वाजवतोच, मला आणखी जोर आला. समोर उघडं बॉनेट, तिला पुढचं काही दिसत नव्हतं. नवऱ्यानं आरोळी ठोकली तेव्हा तिनं ब्रेक दाबला. गाडी थांबली. मी मोकळा हात झटकला, वळून लोकांकडं बघून हसलो.

कुणी हसलं नाही. घंटेवाल्यानं घंटा छातीशी धरली होती.

गाडीची पुढची दोन्ही चाकं पिवळ्या पाटीच्या आत होती. वेळेच्या कितीतरी आधी.

शिट्टी वाजली. टेबलावरची बाई, पिवळं जाकीट घातलेली, उठून आली. म्हातारा पाटीकडं, चाकाकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघत होता. त्याची काहीच चूक नव्हती. आयुष्यात एकदा त्यानं सगळी वळणं बरोबर सांगितली होती, आणि कडेगावचा एक गडी येऊन त्याचा दिवस पुढं ढकलून मोकळा झाला होता.

मालक झाडामागून आले. फितीपाशी थांबले. सगळं त्यांना एका नजरेत कळलं असावं, कारण त्यांनी मला एवढंच विचारलं, "दगड कुठाय?"

दगड माझ्या हातातच होता.

"टोपी, आन् आता दगड," ते म्हणाले. मग त्यांनी डोक्याचा मफलर काढून खांद्यावर घेतला आणि पिवळ्या जाकिटातल्या बाईला फितीपलीकडूनच सलाम ठोकला. आत यायची परवानगी मागितली. हातानं, एका शब्दाविना. तिनं मान हलवली. मगच ते वाकून फितीखालून आत आले. आयुष्यात पहिल्यांदा. त्यांना कमरेत वाकताना मी कधी बघितलं नव्हतं.

"सांग तिला," मला म्हणाले. "नीट सांग. एक शब्द खाऊ नको."

माझं फ्रेंच कारखान्यातलं. नट, बोल्ट, तेल, धोका. त्यात हे सांगायचं होतं.

"सांग. ह्या गाडीची काय चूक न्हाई. चालवणारीची न्हाई, सांगणाऱ्याची तर बिलकूल न्हाई. चूक बघणाऱ्याची हाय. ह्यो माझा भाडेकरू हाय. ह्याला मी आणलाय."

"आवं मालक, मीच तुमाला आणलंय—"

"गप. सांग. आमच्याकडं अडलेल्या गाडीला खांदा न लावता जो फुडं जाईल, त्याला त्याची आई जेवायला वाढत न्हाई. ह्यो लबाडीनं आत आला न्हाई, सवयीनं आला. पर दोरी ओलांडली ती ओलांडलीच. काय शिक्षा द्यायची ती आमाला द्या. त्यांची वेळ लावू नका."

मी सांगितलं. आईच्या जेवणापर्यंत आलो तेव्हा शब्द संपले, म्हणून मी पोटावर हात ठेवून रडल्यासारखं तोंड केलं. मालकांनी माझ्या हातातून दगड घेतला आणि तिच्या टेबलावर, कागदांवर वजन ठेवावं तसा, हळूच ठेवला. मग ते तिथंच सावधान उभे राहिले, खंबाटकीत उभे होते तसे. मालकांची नजर मात्र त्या म्हाताऱ्यावर होती, आणि म्हातारा मालकांकडं बघत होता. दोघंही ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आयुष्य काढलेली माणसं, एक डावीकडं, एक उजवीकडं.

पिवळ्या जाकिटातल्या बाईनं फोन लावला. बराच वेळ ऐकलं. मग म्हातारीशी बोलली, म्हाताऱ्याशी बोलली आणि माझ्याकडं बोट करून मालकांशी बोलली. घंटेवाल्यानं ते मला सोपं करून सांगितलं. गाडी चालकानं आत आणलेली नाही, म्हणून ती पाटीमागं घ्यायची, आणि तिची वेळ तिच्या वेळेलाच लागेल. अट एकच. हा माणूस शर्यत संपेपर्यंत टेबलाशेजारी, बाईंच्या डोळ्यांसमोर बसेल आणि दगड त्याच्या मांडीवर राहील.

लोक हसले. टेबलावरच्या बाकीच्या अधिकाऱ्यांनी गाडी ढकलून पाटीमागं घेतली, मी खुर्चीत बसलो. मालक फितीबाहेर आपल्या जागी गेले. जाताना माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पण गोष्ट तिथं संपत नाही. वेळ जवळ आली, गाडी चालवणाऱ्या बाईनं बॉनेट लावलं, चावी फिरवली. इंजिन घरघरलं आणि गप्प झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. म्हातारा घड्याळ बघून ओरडायला लागला. आता लवकरचा दंड नव्हता, आता उशिराचा होता. मी खुर्चीत दगड धरून बसलेलो. खांदा ठणकत होता, पण मी दगडासारखा बसून राहिलो. सगळे लोक फितीमागं तसेच. मघाशी जे झालं ते बघून कुणाची हलायची हिंमत होत नव्हती.

तेव्हा म्हाताऱ्यानं खिडकीतून मान बाहेर काढली आणि मालकांकडं बघून हातानं ढकलल्याची खूण केली.

मालक हलले नाहीत. त्यांनी पिवळ्या जाकिटातल्या बाईकडं बघितलं. तिनं घड्याळ बघितलं, खांदे उडवले आणि 'घ्या की' असा हात केला.

"आता बोलावलंय," मालक म्हणाले, आणि मला मराठीत अशी हाक मारली की सॉसेज भाजणारासुद्धा उठला. "ऊठ रं कडेगाव! लाव खांदा!"

मी दगड टाकून धावलो. घंटेवाला आला, सॉसेजवाला आला, दोन बायका आल्या, आणि माझ्या शेजारी, फौजेच्या कोटात, दात-ओठ खात, मालक. बघ्यानं हात लावायचा नाही म्हणणारे मालक. नंतर ते मला ठासून म्हणाले की त्यांनी हात लावलाच नव्हता, खांदा लावला होता, आणि तोही बोलावल्यावर.

गाडी पाटीच्या आत गेली, बरोबर तिच्या मिनिटाला. टेबलावर शिक्का पडला, आणि पुढच्या उतारावर आम्ही पुन्हा ढकललं तेव्हा इंजिनाला एकदम कंठ फुटला, कापड फाडल्यासारखा. धुरात आम्ही सगळे काळे. गाडी सुटली. पुढं लगेच डावं वळण होतं. मालक रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि छाती फोडून फ्रेंचमध्ये ओरडले, "डावी! लांब! उघडती!"

खिडकीतून एक हात बाहेर आला. शेजारच्या सीटवरचा. अंगठा वर. गाडीनं डावं वळण जसं सांगितलं तसं घेतलं, लांब, उघडत, आणि डोंगरात गेली. मी बाजूला उभा राहून त्या माणसाकडं बघत होतो. साताऱ्याच्या गच्चीवर गिरणीचा आवाज ऐकून डोळे मिटणारा माझा घरमालक. तो फ्रान्सच्या रस्त्यावर उभा होता आणि त्याचं ऐकून एक गाडी वळली होती. मी शेजारच्या सॉसेजवाल्याला फ्रेंचमध्ये सांगितलं, "माझे मालक." एवढंच मला येत होतं आणि तेवढं पुरलं.

त्या संध्याकाळी गावच्या चौकात बक्षिसं झाली. पांढरी गाडी तिसरी आली. दंड शून्य, पण बरोबरीच्या आणखी दोन गाड्या त्याहून जुन्या होत्या, त्यांना मान आधी. मालकांनी पिशवीतून गुलाबी फेटा काढला. मला वाटलं गाडी चालवणाऱ्या बाईंना बांधतील. ते सरळ नवऱ्याकडं गेले. "चालवणाऱ्याला सगळीच बांधत्यात," म्हणाले, आणि कोल्हापुरी पद्धतीनं, तुरा काढून, भर चौकात त्या म्हाताऱ्याला फेटा बांधला. बाई टाळ्या वाजवत होत्या. म्हाताऱ्यानं मालकांचे दोन्ही हात धरले आणि काही तरी लांबलचक बोलला. मी भाषांतर करायला तोंड उघडलं तर मालक म्हणाले, "ऱ्हाऊ दे. कळलं."

तो दगड मी पुन्हा उचलून बरोबर आणला. विमानतळावर तपासणीवाल्या तिघांनी बॅगेतून काढून तो हातात घेऊन बघितला, आणि माझ्याकडं बघितलं. आता तो साताऱ्यात मालकांच्या फाटकापाशी असतो. माझी स्कूटर उतारावर लावली की चाकापुढं तोच लावायचा, असा मालकांचा हुकूम आहे. काकी त्याच्यावर खोबऱ्याच्या वाट्या फोडतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "फ्रान्सचा हाय. वरच्यानं काढला हुता."

परत आल्यावर बरेच दिवस मालकांनी त्या दुपारचा विषय काढला नाही. मी चांगलं केलं की वाईट, हे मला कळेना. मग एके दिवशी कासच्या बाजूला त्यांच्या मेहुण्याकडं जाऊन आम्ही स्कूटरवरून परत येत होतो. यवतेश्वरचा घाट उतरायला लागलो. पहिली उजवी आली, मी घेतली. मग डावी, घट्ट. मग तो आंब्याजवळचा खड्डा. मी तो चुकवला. पुढचं वळण घेतलं, त्याच्या पुढचं घेतलं, आणि अर्ध्या घाटात माझ्या लक्षात आलं की कान मोकळे आहेत.

मेहुण्याकडं विसरलो की काय? घाट संपतो त्या बोगद्यापाशी आलो तशी मी स्कूटर कडेला घेतली आणि भीत भीत मान वळवली.

मालक होते. मफलर घट्ट गुंडाळून, पिशवी मांडीवर धरून, डोंगराकडं बघत बसलेले.

"का थांबलास?"

"आवं मालक, तुमी घाटभर काय बोललाच न्हाई."

त्यांनी मफलर जरा खाली ओढला.

"सांगण्यासारखं कायबी न्हवतं," म्हणाले. "चल. फुडं सरळ हाय."